बाहेरचे ग्रह

५ नोव्हेंबर २०२५, बुधवार

एकदाचा वर्ग उघडला. वर्ग म्हणायचं आपलं. नसरापुरात सम्राटचं फ्लेक्सचं दुकान आहे, त्याच्या मागं रोल ठेवायची खोली होती. ती त्यानं मला दिली आणि वर असं तोंड केलं की जणू बायकोच्या नावावर राजगड लिहून दिला. दोन जुने कॉम्प्युटर, चार प्लास्टिकच्या खुर्च्या, एक फळा. कॉलेजनं यंदा जूनपासून माझे तास बंद केले. फिजिक्सला आता नवी, तरुण मुलगी आणली आहे. तिचं भलं होवो. घरी बसून माझं डोकं मात्र नासायला लागलं होतं.

काय शिकवणार, काय शिकवणार म्हणून जो तो विचारतो, तर इथं एकदा लिहूनच ठेवते, म्हणजे तोंडपाठ होईल. आपल्या सूर्याभोवती ग्रह फिरतात तसे दुसऱ्या ताऱ्यांभोवतीही फिरतात. आत्तापर्यंत सहा हजारांच्या वर सापडले. ते इतके लांब आहेत की सहसा दिसत नाहीत. पण असा एखादा ग्रह त्याच्या ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा उजेड किंचित उतरतो आणि पुन्हा होता तेवढा होतो. अवकाशातल्या दुर्बिणी हा उजेड मोजत बसतात. त्याचे आलेख इंटरनेटवर कुणालाही बघता येतात, आणि यंत्राच्या नजरेतून सुटलेले खळगे माझ्यासारखी रिकामटेकडी माणसं शोधतात. चार वर्षं मी हे स्वयंपाकघरातल्या टेबलावर करते आहे. एकही ग्रह सापडला नाही, पण मजा येते. त्यातल्या एखाद्यावर कुणी राहत असेल का, हा पुढचा प्रश्न. खरा प्रश्न तोच.

आई म्हणाल्या, "पोरं समदी पोलीस भरतीच्या क्लासला जात्यात. तुझ्या चांदण्यांना कोण इचारतंय?" आई म्हणजे माझ्या सासूबाई, अंजनाबाई. त्यांनी जन्मभर अंगणवाडी चालवली, आता त्याच शिस्तीत घर चालवतात. आज एकही पोर आलं नाही हे खरं आहे. पण पहिलाच दिवस होता.

८ नोव्हेंबर, शनिवार

मी काल भोरला बँकेत गेले होते, तेवढ्यात पप्पूनं माझा फ्लेक्स छापून रस्त्यावर टांगलासुद्धा. पप्पू आमच्या मशीनवर बसतो. मन सोन्याचं, शुद्धलेखन स्वतःचं. मी कागदावर व्यवस्थित लिहून दिलं होतं: 'बाह्यग्रह अभ्यासवर्ग. सूर्यमालेबाहेरील जीवसृष्टीचा शोध.' त्याला वाटलं, बाह्यग्रह कुणाला कळणार? म्हणून त्यानं सोपं केलं. आता येणाऱ्याजाणाऱ्याला लांबूनसुद्धा दिसतंय: 'बाहेरचे ग्रह. खात्रीशीर शोध व मार्गदर्शन. माधुरी मॅडम.' खाली शनी, शनीच्या मागून किरणं फुटलेली, आणि कोपऱ्यात, का ते त्यालाच ठाऊक, एक डोळा.

मी दुकानात शिरले ती आवाज चढवूनच. पप्पू शांतपणे म्हणाला, मॅडम, मार्गदर्शन सगळ्यांच्याच फ्लेक्सवर असतंय. आणि खात्रीशीर? ते जागा उरली होती म्हणून. सम्राटनं डोकं खाजवलं. नवीन छापू, म्हणाला, पण नगरपालिकेची निवडणूक होऊ दे, मग लगेच झेडपीची लागेल, तोवर मशीन उमेदवारांचं. बायकोपेक्षा उमेदवार जवळचे झाले का, असं मी विचारलं. तो हसला. म्हणजे हो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

वर्गात माणूस आला. विद्यार्थी नव्हे, किकवीचे गेनूभाऊ. वय पन्नाशीच्या पुढं, पिशवीत नारळ आणि लिंबू, मोबाईलमध्ये म्हशीचा फोटो. म्हैस दूध चोरते. भाईरचं हाय का बघा म्हणाले.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. बाहेरचं! अगं बाई, लहानपणापासून कानावर असलेला शब्द, आणि तो आपल्याच नावावर टांगलेला असताना मला कळू नये? आमच्याकडं दुखण्याला डॉक्टरचा गुण येईना की लोक म्हणतात, बाहेरचं आहे. म्हणजे भूत, करणी, लागीर, काय वाटेल ते. आणि ग्रह तर पत्रिका बघणाऱ्यांचे आधीपासूनचे. पप्पूनं दोन्ही दुकानं एका फ्लेक्सवर आणली.

मी गेनूभाऊंना खुर्चीत बसवून तारे, उजेड, खळगे, सगळं समजावलं. त्यांनी एक शब्द मध्ये न बोलता ऐकून घेतलं. शेवटी नारळ टेबलावर ठेवला आणि म्हणाले, तुमाला बोलायचं न्हाई तर ऱ्हाऊ द्या मॅडम, पण म्हशीवर ध्यान असू द्या. नारळ काही परत नेईनात.

घरी आईंना तो नारळ बघूनच कळलं. "आपल्या घरात देव्हारा न्हाई, आन तू दुकानात दरबार भरवतीस?" एवढंच बोलल्या. आई फार संतापल्या की जेवायला वाढतात पण बोलत नाहीत. त्यांचंही खरं आहे. या बाईनं गावोगाव आयाबायांना सांगितलं की करणी, लागीर सगळं झूट आहे, पोराला ताप आला तर दवाखान्यात न्या. लोकांच्या शिव्या खाऊन सांगितलं. आणि सुनेचा फ्लेक्स हा असा. नारळाच्या चटणीला मात्र त्यांनी नाही म्हटलं नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज गुंजवण्याहून धोंडाबाई आल्या, सुनेला घेऊन. भाताची झोडणी उरकली आणि निघाल्या म्हणे. वडापच्या जीपमधून उतरून थेट फ्लेक्सखाली उभ्या राहिल्या, ओठ हलवत सगळा वाचला आणि मग आत आल्या.

सून रत्ना, विशी जेमतेम ओलांडलेली. वैशाखात सातव्या महिन्यात तिचं बाळ पोटातच गेलं. तेव्हापासून बोलत नाही. काम सांगितलं तर करते, ताट पुढं ठेवलं तर खाते, पण तोंडातून शब्द नाही. नवरा शिरवळला कंपनीत, शिफ्टमध्ये पिचलेला, त्याला काही सुचत नाही. सासरे चिमाजीराव, त्यांच्या शब्दापुढं घरात कुणी जात नाही. त्यांच्या मते हे बाहेरचं आहे. माघातल्या जत्रेपर्यंत गुण आला नाही तर घाटापलीकडं कुठलं तरी ठाणं आहे, तिथल्या भगताकडं तिला महिनाभर सोडायची. तिथं काय करतात, मी विचारलं. धोंडाबाईंनी रत्नाकडं बघितलं आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "आमच्या मालकांच्या चुलत्याची ल्येक ठिवली हुती. तिच्या हातावर अजून डाग हायती."

मग त्यांनीच मला विचारायला सुरुवात केली.

"हितं मारत्यात का?"

नाही, म्हटलं.

"धुरी देत्यात?"

नाही.

"तुमी येकल्याच बाई असता का?"

हो.

"मग झ्याक हाय," म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

मी आडपडदा न ठेवता सांगितलं, मावशी, मी बाहेरचं बघत नाही, हे आकाशातल्या ताऱ्यांचं काम आहे, आणि हिला मनाच्या डॉक्टरला दाखवा. त्या म्हणाल्या, मालक येड्याच्या डॉक्टरकडं पाठवायचे न्हाईत, चारचौघांत नाक जातं. तुमच्याकडं यायला मातूर हू म्हनल्यात. तवा तुमचं तुमी चालू द्या. एवढं बोलून सून माझ्यापुढं ठेवली आणि पिशवी घेऊन बाजाराला गेल्या. बिचारीला मी सांगितलेलं काही कळलेलं दिसत नाही.

रत्ना पडद्याकडं बघत बसली. मी एकटीच बडबडत होते, हा तारा, हा उजेड, हा खळगा. तिला नाही म्हणून पाठवायला हवं होतं, मला कळतंय. पण जीपमधून उतरल्यापासून त्या पोरीनं मान वर केली नव्हती, ती तिनं आलेख बघायला वर केली. मग काय करू मी?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आईंना सगळं सांगितलं. वादळाची तयारी ठेवूनच सांगितलं. तर आई भाजी निवडायची थांबल्या आणि म्हणाल्या, "तिला गुरुवारीच आणत जा म्हणावं. दुसऱ्या वारी नको." आईंचा आणि गुरुवारचा काय संबंध? आमच्या घरात कुणी वार धरत नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज आई स्वतः दुकानात आल्या, दळणाचा डबा घेऊन. धोंडाबाईंशी ओळख झाली. चहा झाला. आमच्या घरचा चहा घ्यायची वेळ आली की काही जणांना अजून अचानक ॲसिडिटी होते, म्हणून माझं लक्ष होतं. धोंडाबाईंनी एक घेतला आणि दुसरा मागून घेतला. मग दोघी म्हाताऱ्यांनी डोकी एकत्र केली ती माझ्याकडं पाठ करून.

जरा वेळानं आई उठल्या, म्हणाल्या दळण आणतो, रत्नालाही घेऊन जातो, तेवढेच पाय मोकळे होतील. एका डब्याला तीन बायका! तास उलटला तरी पत्ता नाही. आल्या त्या डबा नेला तसाच घेऊन. गिरणी बंद होती म्हणे. मग इतका वेळ केलं काय? मी इथं आलेख उघडून बसले होते, माझ्या वेळेला काही किंमत आहे की नाही?

११ डिसेंबर, गुरुवार

रत्ना बोलली.

आम्ही दोघी एका ताऱ्याचा आलेख बघत होतो. ती आता माऊस स्वतः चालवते. एकदम पडदा काळा झाला, पंखा थांबला, आणि ती म्हणाली, "लाईट ग्येली."

मी म्हटलं, हो ना, मेली रोज जाते. आणि मग मला कळलं की कोण बोललं. मी उठले ती खुर्ची पाडूनच. बाहेर जाऊन सम्राटला सांगितलं, पप्पूला सांगितलं, एका उमेदवाराच्या कार्यकर्त्यालाही सांगितलं, त्याला काही कळेना. धोंडाबाई दाराच्या पायरीवर बसल्या आणि पदर तोंडात धरून रडल्या. आईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मीही रडले. लाज कसली त्यात.

लोक देवळं, दर्गे, भगत धुंडाळत फिरतात आणि इथं ताऱ्यांनी काम केलं. मी नेहमी म्हणायचे, आकाशाकडं बघितलं की माणूस आतून सैल होतो. आता पुरावा मिळाला.

१९ डिसेंबर, शुक्रवार

निबंध लिहायला घेतला आहे: 'बाह्यग्रह-निरीक्षणाचा शोकग्रस्त मनावर होणारा परिणाम'. एखाद्या मासिकाला पाठवीन म्हणते. आईंना सुरुवात वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, लिही की, पण छापायची घाई करू नको. कौतुक करायला जड जातं त्यांना.

त्यांचं मला अलीकडं काही कळत नाही. दर गुरुवारी दळण चालूच आहे. इतकं पीठ खातं कोण? आणि काल धोंडाबाई एक लहान पत्र्याची डबी घेऊन आल्या, म्हणाल्या ह्याच्यावर तुमचं ते चक्रावालं चित्तर चिटकवून द्या, घरी मालकांना दावायला बरं. मी चिडले. विज्ञानाचा अंगारा करायचा नाही, असं तोंडावर सांगितलं. तर आईंनीच पप्पूकडून शनीचं स्टिकर छापून घेतलं आणि स्वतःच्या हातानं डबीवर चिकटवलं. जन्मभर अंगाऱ्याच्या पुड्या चुलीत घातलेली बाई. वय झालं त्यांचं.

८ जानेवारी २०२६, गुरुवार

रत्ना आता थोडं थोडं बोलते. पाणी द्या, हा तारा बघितलाय, जीप चुकंल. हसली मात्र नाही अजून.

पण आज माझाच दिवस वाईट गेला. कॉलेजातला एक जुना सहकारी चौकात भेटला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, काय मॅडम, ऐकलं की आता बाहेरचं बघता? चांगलं चाललंय म्हणे. मी काहीतरी बोलले आणि रिक्षात बसले, पण घरी येईपर्यंत कान तापले होते. गेल्या आठवड्यात तिघं आले लिंबं घेऊन. मी कितीही सांगितलं तरी लोकांना वाटतं ही माझी बोलायची पद्धत आहे.

ठरवलं. हे थांबवायचं. चिमाजीरावांना खरं सांगायचं: बाहेरचं असं काही नसतं, तुमची सून शोकात आहे, आणि बाह्यग्रहांमुळं सुधारते आहे. शास्त्रीय भाषेत सांगितलं तर माणूस ऐकतो. आईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "आन पोरीचं काय?" मी म्हटलं, मी पटवीन त्यांना. आई माझ्याकडं बघत राहिल्या. अंगणवाडीत एखाद्या पोरानं नाकात खडा घातला की त्या असंच बघायच्या.

२२ जानेवारी, गुरुवार

घाईत लिहिते आहे, अक्षर कसंही येईल.

चिमाजीराव आले. न सांगता. उंच माणूस, पांढरी टोपी, दारातून वाकून आत आले. मागं धोंडाबाई आणि रत्ना. धोंडाबाईंच्या तोंडचं पाणी पळालेलं. गुरुवार म्हणून आईही दुकानात होत्या, डबा घेऊन. मी खुर्ची पुढं केली, चिमाजीराव बसले नाहीत. जत्रा तोंडावर आली, ठाण्यावरनं निरोप आलाय, पोरीला आणून सोडा म्हणून, असं म्हणाले. घरात ती चार शब्द बोलते हे त्यांनी कबूल केलं. पण चार शब्दांनी भागत नाही. "कोंबड्यांशी सुदीक बोलायची ही पोर," म्हणाले, आणि त्यांचा आवाजच बसला. मी इतके दिवस त्यांना मनातल्या मनात राक्षस करून ठेवलं होतं. समोर बघते तर नुसता घाबरलेला म्हातारा.

मग त्यांनी सरळ मला विचारलं.

"बाई, येकच सांगा. हिला भाईरचं हाय का न्हाई?"

उत्तर तयार होतं माझं. बोलायला तोंड उघडलं आणि समोर रत्ना दिसली. तिची मान पुन्हा खाली गेली होती, पहिल्या दिवशीसारखी. नाही म्हणावं तर हा माणूस म्हणणार, मग इतके दिवस आम्हाला फसवलंत, आणि इथूनच तिला ठाण्यावर नेणार. हो म्हणावं तर मी कोण उरले?

"हाय," आई म्हणाल्या.

मी वळून बघितलं. आमच्या आई बोलल्या होत्या.

"हाय. खोल गेलंय. आता कुठं हलाय लागलंय. मधीच दुसरीकडं न्याल तर समदं उलटंल, मग आमच्याकडं येऊ नका."

चिमाजीरावांनी विचारलं, काय करावं लागंल. आणि आईंनी अगदी थंडपणे एकेक करून सांगितलं. वर्षभर दर गुरुवारी इथं आणायची. डबीतला प्रसाद रोज सकाळी तिनं एकटीनं घ्यायचा, एकही दिवस चुकवायचा नाही, डबी कुणी उघडून बघायची नाही. घरात तिच्यावर कुणी आवाज चढवायचा नाही. पोराबाळाचा विषय वर्षभर काढायचा नाही, पाहुण्यांनीसुद्धा नाही. तिला झोप आली तर झोपू द्यायचं. आणि गेलेल्या बाळासाठी ती रडली तर गप करायचं नाही, शेजारी बसायचं. "ह्यातलं येक जरी मोडलं तर माझी जबाबदारी न्हाई," आई म्हणाल्या.

चिमाजीराव प्रत्येक गोष्टीला मान हलवत होते. शेवटी त्यांनी टोपी काढली, वाकले आणि आईंच्या पाया पडले. त्यांच्या घरातल्या कुणी आमच्या घरातल्या कुणाच्या पाया पडल्याचं मी आजवर बघितलेलं नाही. आई मागं सरकायला गेल्या, पण मागं भिंत होती.

ते गेल्यावर माझ्या तोंडून पहिला शब्द फुटला तो हा, की आई, प्रसाद कसला?

२३ जानेवारी, शुक्रवार

गोळ्या. डबीत गोळ्या आहेत.

सरकारी दवाखान्यात गुरुवारी मनाच्या डॉक्टरीणबाई येतात. आईंची त्यांच्याशी अंगणवाडीपासूनची ओळख. पहिल्याच दळणाला आई आणि धोंडाबाईंनी रत्नाला तिथं नेलं होतं. आणि धोंडाबाई? त्यांना माझं बोलणं ऐकून पहिल्याच दिवशी कळलं होतं की इथं भूतबीत काही नाही, एक मास्तरीण आहे आणि ती मारत नाही. घरातून गुरुवारी बाहेर पडायला त्यांना बाहेरचं हवं होतं, ते पप्पूनं आयतं छापून दिलं. सम्राटला ठाऊक होतं. पप्पूला ठाऊक होतं. मला कुणी सांगितलं नाही, कारण मला खोटं बोलता येत नाही, असं आई म्हणाल्या. ही स्तुती आहे की काय आहे, कोण जाणे.

मला राग आला. फार आला. निबंध फाडला. मी ताऱ्यांनी मन बरं होतं म्हणून लिहीत बसले होते आणि गेनूभाऊंच्या म्हशीला हसत होते. आईंनी तुकडे गोळा केले आणि म्हणाल्या, डॉक्टरीणबाईंनी बजावलंय की तिचं मन ज्यात लागतंय ते बंद पडू देऊ नका, गोळी एकटी पुरत नाही. हे मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या असतील. बरं वाटलं.

पण खरी अवस्था आईंचीच आहे. सकाळपासून त्या पेपर उघडून बसल्या आहेत, पान उलटलेलं नाही. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "हाय म्हणाले मी. ह्या तोंडानं." मग म्हणाल्या, त्या एका शब्दापायी किती पोरं दवाखान्यात पोचली नाहीत, मी मोजलीत. आणि काल तोच शब्द वापरला, तर म्हातारा पाया पडला. खरं सांगत होते तेव्हा दारात उभं केलं नाही कुणी. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी आईंना रडताना पाहिलेलं नाही. मी त्यांचा हात धरला आणि दोघी तशाच बसलो.

दुपारी त्या उठल्या, तोंड धुतलं आणि म्हणाल्या, वर्षानं मी स्वतः गुंजवण्याला जाऊन त्या म्हाताऱ्याला खरं काय ते सांगणार आहे, शिव्या घालू दे. तोवर फ्लेक्स उतरवायचा नाही. माझं नाव आहे त्यावर, खात्रीशीर. राहू दे टांगलेला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

जत्रा पार पडली. रत्ना ठाण्यावर गेली नाही, जत्रेला गेली. हिरव्या बांगड्या भरल्या आहेत. चिमाजीराव घरात पाहुण्यांनासुद्धा दटावतात म्हणे, पोराबाळाचं काढू नका, नियम हाय. धोंडाबाई हे सांगताना इतक्या हसल्या की ठसका लागला. मग तिघी दळणाला गेल्या. मी या वेळी काही बोलले नाही, डबा हातात दिला.

परत आल्यावर रत्ना माझ्याजवळ बसली. एक लांब आलेख होता, सपाट, खळगा नाही, काही नाही. ती बघत होती. मग विचारलं, "हे येवढं ग्रह हायती म्हंता, तर तितं कोन हाय का?"

इतका लांब प्रश्न तिनं पहिल्यांदा विचारला. मी जपून उत्तर दिलं. म्हटलं, ठाऊक नाही अजून. काही ठिकाणी ऊन बरोबर पडतं, पाणी असू शकेल. लोक मोठमोठ्या तबकड्या आकाशाकडं करून कान लावून बसले आहेत, माझ्या जन्माच्या आधीपासून. पण तिकडून एक शब्द आलेला नाही. म्हणून काही शास्त्रज्ञ म्हणतात, तिथं कुणी नाहीच.

रत्नानं माऊस सोडला. बांगड्या मागं सारल्या.

"आसत्याल," ती म्हणाली. "बोलावं वाटत नसंल त्येंना. म्हनून काय लगीच न्हाईतच म्हनायचं?"

आई डबा ठेवता ठेवता दारात थांबल्या होत्या. धोंडाबाई रत्नाच्या मागं उभ्या होत्या, त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

रत्ना म्हणाली, ह्यात काय न्हाई, दुसरा काडा. मी दुसरा काढला.